सलग चार होमरन: ४२ वर्षं एकदाही नाही, मग १६ वर्षांत आठदा?

डावखुरा_७
मेजर लीग बेसबॉलमध्ये एकाच संघाच्या लागोपाठच्या चार बॅटरांनी होमरन (चेंडू थेट मैदानाबाहेर धाडणारा फटका) मारल्याचे प्रसंग २०२२ अखेर ११ झाले. १९६१, १९६३, १९६४ असे तीन, आणि त्यानंतर थेट २००६. तिथून २०२२ पर्यंत मात्र आठ! हा नुसता योगायोग म्हणायचा का? आणि मोजायचं कसं? मध्येच पिचर (चेंडू टाकणारा) बदलला किंवा एखाद्याला वॉक (चार खराब चेंडूंमुळे फुकटचा पहिला बेस) मिळाला तर साखळी तुटते का?

स्कोअरशीट
पिचर बदलला तरी चालतं. वॉक मिळाला की संपलं, कारण इथे लागोपाठचे बॅटर मोजतात.

१९६१ मध्ये मिलवॉकी ब्रेव्ह्जच्या मॅथ्यूज आणि ॲरन यांनी सिनसिनाटीच्या मॅलोनीच्या चेंडूंवर होमरन मारले, तर ॲडकॉक आणि थॉमस यांनी बदली आलेल्या ब्रिजेसच्या. एवढं करून ब्रेव्ह्ज १०-८ हरले. २००६ मध्ये डॉजर्स नवव्या इनिंगमध्ये पाद्रेसविरुद्ध ९-५ मागे होते. केंट आणि ड्रू यांनी ॲडकिन्सला होमरन मारले, म्हणून ट्रेव्हर हॉफमनला आणलं. त्याचे पहिले दोन चेंडू मार्टिन आणि अँडरसनने बाहेर धाडले. दहाव्या इनिंगमध्ये डॉजर्स ११-१० जिंकले.

उलट उदाहरण २७ जुलै २०१७ चं. नॅशनल्सच्या गुडविन, डिफो, हार्पर, झिमरमन यांनी सलग चार मारले, मर्फी आउट झाला आणि पुढच्या रेंडनने पुन्हा होमरन मारला. इनिंगमध्ये पाच, पण नोंद सलग चारचीच.

चौथा_घात
योगायोग आहेच, पण त्याच्या मुळाशी गणित आहे. २०१९ मध्ये ६,७७६ होमरन झाले, म्हणजे बॅटर प्लेटवर आल्यावर होमरन होण्याचं प्रमाण सुमारे ३.६ टक्के. १९७६ मध्ये २,२३५ होते, म्हणजे साधारण १.५ टक्के. दर २.४ पट झाला. पण सलग चार हवे असतील तर त्याचा चौथा घात घ्यावा लागतो, आणि तो येतो ३३ पट. शिवाय संघ २४ चे ३० झाले, त्यामुळे सामने वाढले. २०१९ च्या दराने असा प्रसंग तीनेक वर्षांत एकदा अपेक्षित आहे, १९७६ च्या दराने शंभराहून जास्त वर्षांत एकदा. ४२ वर्षांच्या कोरड्या काळाचं बरंचसं उत्तर यात आहे. सगळं नाही, कारण २००० मध्ये ५,६९३ होमरन होऊनही हे घडलं नव्हतं.

बुलपेन_बाबा
हिशोब ठीक, पण प्रत्येक बॅटरची शक्यता स्वतंत्र आणि सारखी धरलीत, तिथे गडबड आहे. याच पद्धतीने २००६ ते २०२२ ची बेरीज केली तर जेमतेम दोन येतात. झाले आठ.

समोर तोच पिचर असतो. त्याचा चेंडू वळत नसेल, तर पुढचे सगळे त्याच चेंडूवर तुटून पडतात. २००७ मध्ये रेड सॉक्सचे चारही यांकीजच्या चेस राइटला, जो मेजर लीगमध्ये सामना सुरू करणारा पिचर म्हणून दुसऱ्यांदाच उतरला होता. २०२० मध्ये व्हाइट सॉक्सचे चारही कार्डिनल्सच्या रोएल रामिरेझला, तेही पदार्पणात. पिचर काढत का नाहीत, तर चौघांचं काम काही चेंडूंत उरकतं आणि बुलपेनमध्ये (बदली पिचर सराव करतात तिथे) तयार व्हायला त्याहून जास्त वेळ लागतो. त्यात २०२० पासून नव्या पिचरने किमान तीन बॅटर खेळवायचे किंवा इनिंग संपवायची, असा नियम आला.

बॅटरही सारखे नसतात. साधारणपणे असे प्रसंग लाइनअपच्या (बॅटरांच्या क्रमाच्या) जड भागात, म्हणजे दणकट मारणाऱ्यांच्या पाळीत येतात. सणसणीत अपवाद १९६३ च्या क्लीव्हलँडचा: आठव्या क्रमांकाचा हेल्ड, नववा पेद्रो रामोस (हा तर पिचर!), मग फ्रँकोना आणि लॅरी ब्राउन. ब्राउनचा तो कारकिर्दीतला पहिलाच होमरन. चारही एंजल्सच्या पॉल फॉयटॅकला.

डावखुरा_७
२००७ च्या रेड सॉक्सच्या चौघांतही एक ड्रू दिसतो. २००६ च्या डॉजर्समधला तोच का?

स्कोअरशीट
तोच, जे. डी. ड्रू. दोन्ही वेळा चौघांतला दुसरा. २०१० मध्ये ॲरिझोना डायमंडबॅक्सकडून चौथा मारणारा स्टीफन ड्रू हा त्याचा धाकटा भाऊ.

दुर्मीळच शोधत असाल तर नवाच्या नऊ इनिंगमध्ये धावा करणारे संघ बघा. १९०० नंतर नॅशनल लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन लीगपैकी एक) तीन: १९२३ जायंट्स, १९६४ कार्डिनल्स, १९९९ रॉकीज. तिघेही पाहुणे, कारण यजमान पुढे असतील तर नववी इनिंग खेळतच नाहीत.