नाफ्प्लिओ (ग्रीस): आई-बाबांसोबत जावं का, आणि मुक्काम करावा का?

कौलारू_घर:
नमस्कार मंडळी. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आई-बाबा आणि मी ग्रीसला जातोय. अथेन्स ठरलंय. त्यानंतर सँटोरिनी की नाफ्प्लिओ, यावरून घरात दोन तट पडलेत. बाबा बँकेतून निवृत्त झालेत. तरुणपणी सह्याद्रीतले किल्ले त्यांनी भरपूर पालथे घातले, आता एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालीय. नाफ्प्लिओच्या समुद्रातल्या त्या छोट्या किल्ल्याचा फोटो त्यांना कुणीतरी पाठवला आणि तेव्हापासून त्यांनी तेच धरून ठेवलंय. आई पूर्ण शाकाहारी, अंडंही चालत नाही. तिला चालायला आवडतं, पण चढ नको.

बरेच जण म्हणतात की अथेन्सहून जाऊन त्याच दिवशी परत येता येतं. मग मुक्काम कशाला करायचा? वरच्या पालामिदी किल्ल्याला ९९९ पायऱ्या आहेत असं वाचलं, त्या न चढता वर जाता येतं का? आईच्या जेवणाचं काय? आणि गाडी भाड्याने घ्यावी की बस पुरेल? जाऊन आलेल्यांनी सविस्तर लिहिलंत तर फार मदत होईल.

सांगलीकर_म्युनिक:
आम्ही जुलैमध्ये अथेन्सहून एका दिवसाची बस-सहल घेतली होती. कोरिंथचा कालवा, मायसिनी या प्राचीन नगराचे अवशेष, एपिडॉरसचं नाट्यगृह आणि नाफ्प्लिओ, सगळं एका दिवसात झालं. मायसिनीचं सिंहद्वार बघून मुलं खूश होती. एपिडॉरसला गाइडने मधोमध उभं राहून कागद फाडला, तो आवाज आम्हाला अगदी वरच्या रांगेत ऐकू आला. इसवीसनापूर्वी चौथ्या शतकातलं बांधकाम आहे ते! नाफ्प्लिओत मात्र जेवण आणि बंदरावर एक चक्कर एवढंच जमलं. उन्हाने जीव नकोसा झाला होता, पण तुम्ही एप्रिलमध्ये जाताय म्हणजे तो त्रास नाही. दिवस कमी असतील तर हा मार्ग वाईट नाही, आई-बाबांना सामान हलवायला लागत नाही.

रेवदंडेकरीण:
बाबांचं ऐका, आणि मुक्कामालाच जा.

मी मूळची रेवदंड्याची. यजमान जहाजावर असतात, त्यामुळे बरीच वर्षं पिरेअसला, म्हणजे अथेन्सच्या बंदराच्या गावी, राहते. भारतातून कुणी आलं की त्यांना नाफ्प्लिओला घेऊन जाणं हे माझं ठरलेलं काम आहे. पोर्तुगीज तटाच्या आत वाढल्यामुळे असेल, समुद्राकाठच्या गावात गेले की माझं लक्ष आधी तटाकडे जातं. किल्ल्यांवर जीव असलेल्या माणसाला नाफ्प्लिओइतकं समाधान देणारं गाव मला तरी ग्रीसमध्ये दुसरं सापडलेलं नाही.

एजियन समुद्र पेलोपोनीसच्या, म्हणजे ग्रीसच्या दक्षिणेकडच्या द्वीपकल्पाच्या, पोटात जिथे खोल शिरतो, त्या आर्गोलिक आखाताच्या काठावर हे गाव आहे. एका छोट्या गावाला तीन किल्ले! गावाला लागून असलेल्या खडकावरचा अक्रोनाफ्प्लिया सगळ्यांत जुना, त्याच्या पायाशी प्राचीन ग्रीक काळातले दगड अजून दिसतात. बाबांनी फोटोत पाहिला तो बूर्त्झी, व्हेनिसवाल्यांनी १४७३ मध्ये बंदराच्या तोंडावरच्या बेटावर उभारलेला. तिथून धक्क्यापर्यंत साखळी ताणून बंदर बंद करत असत. पुढे १९व्या शतकात याच बेटावर देहदंड देणारे जल्लाद राहायचे, कारण गावात त्यांना कुणी राहू देत नसे. नंतर काही वर्षं तिथे हॉटेलही होतं. बंदरावरून छोट्या बोटी निघतात. आत उतरू देतात की नुसती फेरी मारून आणतात, ते त्या दिवशी धक्क्यावरच विचारा.

आणि पालामिदी. हा सगळ्यांत वर, २१६ मीटरवर. १७११ ते १७१४ या काळात व्हेनिसवाल्यांनी बांधला. म्हणजे आपल्याकडे कान्होजी आंग्रे कोकण किनारा सांभाळत होते, तेव्हा इकडे हे बुरूज चढत होते. वैशिष्ट्य असं की हा एक किल्ला नाही. आठ बुरूज आहेत आणि प्रत्येक बुरूज स्वतंत्रपणे लढवता येईल असा रचलेला आहे. एक पडला तरी दुसऱ्याने तग धरावा, हा हेतू. बाबांना हे सांगावं लागणार नाही, पाहताक्षणी कळेल. पाण्याची मोठी टाकी आहेत, जंग्या (मारा करायला तटात ठेवलेली भोकं) आहेत, दरवाजांवर सेंट मार्कचा पंखवाला सिंह, म्हणजे व्हेनिसचं चिन्ह, कोरलाय. इतकं करूनही काम संपल्यावर वर्षभरातच, १७१५ मध्ये, तुर्कांनी किल्ला घेतला.

ग्रीकांनी तो परत मिळवला १८२२ मध्ये. नोव्हेंबरअखेरची रात्र होती, आतली शिबंदी उपासमारीने खचलेली. स्ताइकोस स्ताइकोपुलोस याच्या माणसांनी अखिलेस बुरुजाची बाजू निवडली, कारण तिथला तट सगळ्यांत बुटका. त्या बुरुजापाशी उभं राहून खाली बघा म्हणजे कुठून चढले असतील ते लक्षात येतं. मी दर वेळी पाहुण्यांना तिथे नेते आणि दर वेळी त्यांच्यातलं कुणीतरी हातवारे करत वाट दाखवायला लागतं. पुढे त्याच पालामिदीत ग्रीकांनी आपल्याच स्वातंत्र्ययुद्धाच्या सेनापतीला, थिओदोरोस कोलोकोत्रोनिसला, राजद्रोहाच्या आरोपावरून कैदेत टाकलं होतं. १८३४ मध्ये देहदंडाची शिक्षा सुनावली, नंतर माफी दिली. त्याची म्हणून जी कोठडी दाखवतात तिचं दार इतकं ठेंगणं आहे की वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. आत उजेड नाही. मला तिथे फार वेळ थांबवत नाही.

पायऱ्यांचं म्हणाल तर ९९९ हा लोकांच्या तोंडचा आकडा, प्रत्यक्षात त्याहून कमी आहेत. पण गुडघ्याला त्याने काय फरक पडतो! त्या वाटेने बाबांना नेऊ नका. मागच्या बाजूने डांबरी रस्ता थेट दरवाजापर्यंत जातो, टॅक्सी सोडते. आतमध्ये चढउतार आहेतच आणि दगड झिजून गुळगुळीत झालेत, तेव्हा चांगल्या तळाचे बूट आणि काठी हवी. सकाळी उघडल्या उघडल्या जा. वर सावली जवळजवळ नाही.

आता मुक्काम कशासाठी ते सांगते. सांगलीकरांनी केलेली सहल चांगलीच असते, पण बस दुपारी येतात आणि संध्याकाळी निघून जातात. गाव खरं जागं होतं ते त्यानंतर. सिंताग्मा चौकात संगमरवरी फरशी आहे, दिवेलागणीला तिथे गावातली पोरं चेंडू खेळत असतात, आज्या बाकांवर बसून नातवंडांना हाका मारत असतात. चौकाच्या एका टोकाला व्हेनिसवाल्यांचं १७१३ मधलं कोठार, आता तिथे पुरातत्त्व संग्रहालय आहे. जवळच एक जुनी मशीद. स्वतंत्र ग्रीसची संसद त्याच मशिदीत भरायची, कारण अथेन्सच्या आधी, १८३४ पर्यंत, राजधानी नाफ्प्लिओ होती. चौकाभोवती एक चक्कर मारली तरी व्हेनिस, तुर्क आणि नवा ग्रीस, सगळं समोर येतं.

संग्रहालय चुकवू नका. जवळच्या देंद्रा गावी सापडलेलं चिलखत तिथे आहे, इसवीसनापूर्वी १५व्या शतकातलं, मायसिनी काळचं. कांस्याच्या रुंद पत्र्यांचं, गळ्याभोवती हनुवटीपर्यंत येणारी उंच पट्टी, सोबत रानडुकराच्या सुळ्यांचं शिरस्त्राण. माणूस आत नसतानाही ते उभं आहे असं वाटतं.

आणि सेंट स्पिरिडॉनचं देऊळ. अगदी लहान आहे, गल्लीत शोधावं लागतं. ऑक्टोबर १८३१ मध्ये ग्रीसचा पहिला राज्यप्रमुख कापोदिस्त्रियास प्रार्थनेला आला असताना दाराशी त्याचा खून झाला. मारणारे मावरोमिखालिस घराण्यातले दोघे, त्यांच्या घरच्या वडीलधाऱ्याला कापोदिस्त्रियासने कैदेत टाकलं होतं. दाराशेजारी भिंतीत गोळीची खूण काचेखाली जपून ठेवलीय, बोटाच्या पेराएवढी. तिच्याकडे न बघता पुढे गेलेली माणसं पाहिली की मला वाईट वाटतं, म्हणून इथे लिहितेय.

आईंसाठी आर्वानितियाची वाट. धक्क्याच्या टोकापासून अक्रोनाफ्प्लियाच्या खडकाला वळसा घालून समुद्राच्या कडेकडेने आर्वानितियाच्या किनाऱ्यापर्यंत जाते, साधारण किलोमीटरभर, सपाट. एका बाजूला निवडुंग लगडलेला कडा, दुसऱ्या बाजूला खाली पाणी, इतकं निळंशार की तळातले दगड मोजता यावेत. दरड पडली तर ही वाट बंद ठेवतात, तेवढं आदल्या दिवशी हॉटेलात विचारून घ्या.

जिरं_मोहरी:
जेवणाची काळजी सोडा. माझ्या सासूबाईंनाही अंडं चालत नाही आणि ग्रीसमध्ये त्या आमच्यापेक्षा छान जेवल्या. फक्त मेन्यूतल्या मोठ्या पदार्थांकडे न बघता तेलात शिजवलेल्या भाज्या मागायच्या. गिगांतेस म्हणजे टोमॅटोच्या रश्शात शिजवलेले मोठाले पांढरे घेवडे, फासोलाकिया म्हणजे श्रावणघेवड्याची भाजी, ब्रिआम म्हणजे भोपळी मिरची, बटाटा, वांगं वगैरे एकत्र भाजलेलं. होर्ता ही उकडलेली रानभाजी, वरून ऑलिव्ह तेल आणि लिंबू, ती आमच्या सासूबाईंना सगळ्यांत आवडली. फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरण म्हणा ना.

भरल्या टोमॅटोंना गेमिस्ता म्हणतात, त्यात भात असतो, पण कधी कधी खिमाही घालतात, तेव्हा "होरिस किमा" असं बजावून मागा. पालकाच्या आणि चीजच्या पायमध्ये अंडं असू शकतं, विचारल्याशिवाय घेऊ नका. आणखी एक, ईस्टरच्या आधीचे आठवडे इथे उपवासाचे असतात. तेव्हा हॉटेलात "निस्तीसिमो" म्हणून मागितलं की मांस, अंडं, दूध काहीही नसलेलं जेवण मिळतं. मात्र कोळंबी, माकुळ त्या उपवासाला चालतात, तेवढं स्पष्ट करून घ्या. कुठेही गेलात तरी ताटलीतल्या तेलात पाव बुडवून खायला विसरू नका.

कौलारू_घर:
रेवदंडेकरीण ताई, काय लिहिलंत! बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. अखिलेस बुरुजाशी आले तेव्हा त्यांनी मला थांबवून तो भाग परत वाचायला लावला. सँटोरिनी रद्द, तीन रात्री नाफ्प्लिओ. जिरं_मोहरी, तुमची यादी आईने वहीत उतरवून घेतलीय.

आता शेवटचं विचारते. राहायचं कुठल्या भागात? आणि गाडीचं काय करू? मला उजव्या बाजूने चालवायची सवय नाही.

रेवदंडेकरीण:
वा, बाबांना माझा नमस्कार सांगा!

जुन्या गावातच राहा, पण खोली घेताना रस्त्यापासून किती पायऱ्या आहेत ते आधी लिहून विचारा. अक्रोनाफ्प्लियाच्या उताराला लागून असलेल्या प्सारोमाहालासमधली घरं फार देखणी, बोगनवेलीने झाकलेली, पण गल्ल्या म्हणजे नुसत्या पायऱ्या. चौकाच्या आणि बंदराच्या मधल्या सपाट गल्ल्यांत घ्या. तिथेही गाडी दारापर्यंत येत नाही, सामान थोडं ओढावं लागेल, म्हणून बॅगा हलक्या ठेवा.

सवय नसेल तर गाडी घेऊ नका. अथेन्सच्या किफिसोस बसस्थानकावरून आर्गोलिदा (नाफ्प्लिओचा जिल्हा) भागाच्या केटेएल कंपनीच्या बस सुटतात, सव्वादोन-अडीच तासांत पोचवतात. वाटेत कोरिंथनंतर संत्र्यांच्या बागा लागतात. एप्रिलमध्ये त्यांना फुलं असतात, संध्याकाळी खिडकी उघडी ठेवून झोपलात तर तो वास गावातही येतो. कुणी गाडी चालवणारच असेल तर निघण्यापूर्वी आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून घ्या. त्याशिवाय आपला परवाना इथे चालत नाही. ईस्टरची तारीख ऑर्थोडॉक्स पंचांगाप्रमाणे बघा, ती आपल्या कॅलेंडरवरच्या गुड फ्रायडेशी बहुधा जुळत नाही. त्या दिवसांत अख्खं अथेन्स इकडे येतं आणि खोल्या मिळत नाहीत.

मायसिनी आणि एपिडॉरसला टॅक्सी ठरवून एका सकाळी एक, दुसऱ्या सकाळी दुसरं असं करा. आणि तिरिन्स घालाच, बसवाले सहसा तिथे थांबत नाहीत. गावापासून चारेक किलोमीटरवर, टेकडी बुटकी, बाबांना सहज जमेल. मायसिनी काळातला तट आहे, एकेक दगड माणसाहून मोठा. निमुळत्या छताची जी दालनं आहेत त्यांच्या भिंती खालच्या बाजूला आरशासारख्या चकचकीत झाल्यात, कारण शतकानुशतकं मेंढपाळ तिथे मेंढ्या कोंडायचे आणि लोकर घासून घासून दगड गुळगुळीत झाला. दालनं कधी उघडी असतात, कधी दुरुस्तीसाठी बंद, पण तट बाहेरून बघायला मिळतोच. आर्गोसला जाणारी बस तिरिन्सवरून जाते, चढतानाच चालकाला सांगून ठेवा म्हणजे तो थांबवेल.