हॉलमध्ये प्रोजेक्टर लावायचाय, पण पंखा मध्ये येतोय. अंतर, उंची, वायरिंग, सगळ्याबद्दल सल्ला हवा

मधलाहॉल

लोकहो, पुण्यातला फ्लॅट आहे. हॉल ११ फूट रुंद, १६ फूट लांब. स्लॅब साडेनऊ फुटांवर, आणि छताच्या बरोबर मध्यावर १२०० मिमीचा पंखा. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला आहे. समोरच्या ११ फुटी भिंतीवर १०० इंची चित्र हवंय.

प्रोजेक्टर डीएलपी, लॅम्पवाला, १०८०पी. माहितीपत्रकात थ्रो रेशो १.१५ ते १.५, ऑफसेट १०५ टक्के आणि २००० एएनएसआय ल्युमेन्स (उजेडाचं प्रमाणित माप) लिहिलंय. लेन्स शिफ्ट (प्रोजेक्टर न हलवता चित्र सरकवायची सोय) नाही. विक्रेत्याचा माणूस म्हणतो, "मागच्या भिंतीवर फळी मारा, बाकीचं कीस्टोनने जुळवून देतो."

प्रश्न असे:
१. प्रोजेक्टर नेमका कुठे आणि किती खाली टांगायचा? पंख्याची सावली नकोय.
२. पडदा घ्यावा की भिंत चालेल?
३. वीज मधेच गेली तर लॅम्प उडतो म्हणतात, ते खरं का? इन्व्हर्टर आहे, पण जुना आहे.
४. घरात चार वर्षांची मुलगी आहे. ती लेन्समध्ये डोकावेल ही भीती.

शून्यकीस्टोन

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं.

१०० इंची १६:९ चित्राची रुंदी २२१ सेमी आणि उंची १२४.५ सेमी. थ्रो रेशो म्हणजे लेन्सपासून पडद्यापर्यंतचं अंतर भागिले चित्राची रुंदी. तुमच्या रेशोने लेन्स पडद्यापासून २५५ ते ३३२ सेमी या पट्ट्यातच बसते. मागची भिंत ४८८ सेमीवर आहे. तिथे फळी मारून लेन्स साधारण ४५० सेमीवर आली, तर झूम कितीही फिरवला तरी चित्र ३ मीटरपेक्षा कमी रुंद होणार नाही, म्हणजे जवळपास १३५ इंच. कीस्टोन म्हणजे तिरकं पडलेलं चित्र सेटिंगमधून सरळ करणं. त्याने आकार लहान दाखवता येतो, पण ते मूळ चित्रातले पिक्सेल कापून. फळीचा विचार सोडा.

आता पंखा. मध्य पडद्यापासून २४४ सेमीवर, म्हणून पाती १८४ ते ३०४ सेमीच्या पट्ट्यात फिरतात. २५५ वर टांगलात तर प्रोजेक्टर थेट पात्यांखाली येतो. म्हणून पट्ट्याचं दुसरं टोक धरा: लेन्स पडद्यापासून ३२५ सेमीवर. पात्याच्या टोकापासून २१ सेमी मागे. अगदी ३३२ वर जाऊ नका, झूमला थोडी जागा राहू द्या. स्क्रू घट्ट करताना माउंट (प्रोजेक्टर टांगायचा स्टँड) दोन-तीन सेमी सरकतोच. आणि अंतर लेन्सच्या काचेपासून मोजायचं, माउंटच्या नळीपासून नाही. छताला भोकं पाडून झाल्यावर ही चूक लक्षात येते. झूमच्या या टोकाला उजेड जरा कमी पडतो, पण तुमच्याकडे तो पुरेसा आहे (खाली बघा).

उंची. उलटा टांगलेला, १०५ टक्के ऑफसेटचा प्रोजेक्टर म्हणजे लेन्स चित्राच्या वरच्या कडेच्याही ५ टक्के वर, तुमच्या बाबतीत ६ सेमी. चित्राची खालची कड जमिनीपासून ९० सेमीवर धरली तर वरची २१४-२१५ वर येते आणि लेन्स २२१ वर. स्लॅब २९० वर आहे, म्हणजे लेन्स स्लॅबपासून ६९ सेमी खाली. माउंटच्या प्लेटची आणि प्रोजेक्टरची जाडी वजा करून नळीची लांबी काढा. पाती साधारण २५५ ते २६० सेमीवर असतात आणि उजेडाची वरची कड २२१ वरून निघून पडद्याकडे उतरतच जाते. सावलीचा प्रश्न उरत नाही. सोफ्यावर बसल्यावर डोळे १०५-११० सेमीवर असतात, त्यामुळे वरची कड बघायला मान १५ अंशांच्या आतच वर करावी लागते.

बहुतेक लोक इथे चुकतात. नळी आखूड घेतात, प्रोजेक्टर छताला चिकटवतात, चित्र वर जातं म्हणून तो खाली वाकवतात आणि मग कीस्टोन. १०८०पी विकत घेऊन ९००पी बघायचं असेल तर ठीक.

स्लॅबमध्ये_भोक

वरच्या मापांशी सहमत. फक्त लांब नळीचा एक त्रास असतो, तो सांगतो. साठेक सेमीची बारीक नळी पंखा पाचवर असताना थरथरते. प्रोजेक्टर अंशाच्या दहाव्या भागाइतका जरी हलला तरी ३२५ सेमीवर चित्र साडेपाच मिमी सरकतं. तुमचा एक पिक्सेल सव्वा मिमीचाही नाही. सबटायटल वाचताना डोकं दुखेल. तेव्हा बाजारातली ओढून लांब होणारी पातळ नळी नको. फॅब्रिकेटरकडून ४० मिमीचा चौकोनी लोखंडी पाइप, दोन्ही टोकांना प्लेट वेल्ड करून घ्या. पंख्याचं संतुलन बिघडलेलं असेल तर तेही आधी करून घ्या.

प्लेट थेट स्लॅबला, ८ मिमीच्या चार अँकर फास्टनरवर. फॉल्स सीलिंगच्या जिप्सम बोर्डला किंवा त्याच्या पत्र्याच्या चॅनलला प्रोजेक्टर टांगायचा नसतो. स्क्रू सुटत नाही, बोर्डच फाटतो. पंख्याच्या बॉक्सपासून स्विचबोर्डच्या भिंतीकडे जाणारी वायरची नळी स्लॅबच्या आत असते, त्या रेषेत ड्रिल मारू नका.

प्रोजेक्टरच्या पोटाला बहुधा एम४ स्क्रू लागतात. लांबी मॅन्युअलमध्ये असते, ती पाळा. हातात आला तो लांब स्क्रू पिळला की आतलं प्लास्टिक नाहीतर सर्किट फुटतं आणि वॉरंटी तिथेच संपते. माउंट प्रोजेक्टरच्या दुप्पट वजन पेलणारा हवा, शिवाय स्टीलची एक सुरक्षा-तार वेगळ्या हुकाला बांधा. खाली मुलगी खेळणार आहे, त्यामुळे यात काटकसर नको.

वायर. प्लेयर किंवा ॲम्प्लिफायर समोर टीव्ही युनिटवर असेल तर भिंतीतून वर, छतातून मागे आणि नळीतून खाली असं सगळं धरून ८ मीटर लागतात, १० मीटरची घ्या. १०८०पीला चांगली तांब्याची एचडीएमआय या लांबीला चालते. पुढे ४के ६० हर्ट्‌झचा विचार असेल तर आत्ताच फायबरवाली टाका. तिची दोन टोकं वेगळी असतात, एकावर सोर्स आणि दुसऱ्यावर डिस्प्ले लिहिलेलं असतं. उलटी ओढली तर काहीच दिसत नाही आणि सगळी परत बाहेर काढावी लागते. ओढण्याआधी जमिनीवर पसरून एकदा चालवून बघा.

कन्ड्युट (वायर ओढायची नळी) ३२ मिमीचं घ्या. २५ मिमीतून एचडीएमआयचं तोंड सरळ जातं, पण कोपऱ्यात अडकतं. एल्बो लावू नका, लांब बेंड लावा. आत ओढायची एक जादा तार सोडून ठेवा. विजेची वायर वेगळ्या नळीतून न्या.

मधलाहॉल

धन्यवाद! आकडे इतके नेमके मिळतील असं वाटलं नव्हतं. बायकोचं म्हणणं, फॉल्स सीलिंग करतोच आहोत तर प्रोजेक्टर त्यातच खोबणीत लपवता येईल का?

शून्यकीस्टोन

नाही. खोबण वर असते, तुमची लेन्स २२१ वर हवी. वर नेलीत की पंखा मध्ये येतो आणि कीस्टोन परत येतो. उंची जुळली असती तरी बंद खोबणीत गरम हवा साठते. प्रोजेक्टर एका बाजूने हवा ओढतो, दुसरीकडून फेकतो. फेकलेलीच हवा परत आत गेली की तापमानाचा लाल दिवा लागून तो बंद पडतो. हवा बाहेर पडते त्या बाजूला निदान ५० सेमी आणि बाकीकडे ३० सेमी मोकळी जागा ठेवा. सततच्या उष्णतेने लॅम्पचं आयुष्य घटतं आणि डीएलपीची बारीक आरशांची चिप खराब होऊन पडद्यावर पांढरे ठिपके दिसू लागतात. एक-दोन ठिपक्यांनी सुरुवात होते, मग वाढत जातात. आरसे दुरुस्त होत नाहीत, चिप बदलावी लागते.

जाता जाता: सेटिंगमधला 'हाय अल्टिट्यूड' पर्याय जास्त थंडावा मिळेल म्हणून लावू नका. तो साधारण १५०० मीटरच्या वरच्या विरळ हवेसाठी असतो. महाबळेश्वरलाही त्याची गरज पडत नाही, पुण्यात तर फक्त पंख्याचा आवाज वाढेल.

भिंतच_पडदा

प्रश्न २. आधी भिंत. पुट्टीवर बारीक पॉलिश पेपर मारून मॅट पांढरा अ‍ॅक्रिलिक इमल्शन द्या. चमक असलेला रंग नको, मध्यभागी उजेडाचा डाग दिसतो. दोन आठवडे भिंतीवर बघा, कडांना मास्किंग टेप लावा, आकार पटला की त्याच मापाचा पडदा घ्या. आधी पडदा घेणारे बहुतेक मोठा घेऊन बसतात. सोफा मागच्या भिंतीला आहे, म्हणजे डोळे पडद्यापासून ४१०-४२० सेमीवर. तिथून १०० इंची चित्र ३० अंशांचा कोन भरतं, सिनेमासाठी नीट.

गुंडाळायचा पडदा घ्यायचाच तर बाजूंना ताण देणाऱ्या दोऱ्यांचा. साध्याला वर्षभरात लाटा येतात आणि क्रिकेटच्या सामन्यात सीमारेषा नागमोडी दिसते. उजेड शोषणारा करडा पडदा घेताना विचारून घ्या: अगदी भिंतीला चिकटून ठेवायच्या प्रोजेक्टरसाठीचा वेगळा असतो आणि छतावरच्यासाठीचा वेगळा. एकाचा दुसऱ्याला लावला तर चित्र काळवंडतं.

उजेडाचा हिशोब असा: १०० इंची पडद्याचं क्षेत्रफळ २९.७ चौरस फूट. सिनेमा मोड आणि इको लॅम्पवर २००० पैकी ९०० ल्युमेन्स जरी उरले तरी दर चौरस फुटाला ३० पडतात. अंधाऱ्या खोलीत १६ पुरतात. म्हणजे रात्री पैसा वसूल, पण दुपारी बाल्कनीचा पडदा जाड हवाच. ज्या डब्यांवर नुसतं "९००० ल्युमेन्स" लिहिलेलं असतं आणि एएनएसआय किंवा आयएसओचं नाव नसतं, त्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.

पडद्याजवळच्या दोन-तीन फुटांत छत आणि बाजूच्या भिंती गडद मॅट केल्यात, तर पडदा बदलण्यापेक्षा जास्त फरक पडेल.

ओळंबा

जुळवणीचा क्रम सांगतो, कारण हा उलटा झाला की तासभर घोळ चालतो.

कीस्टोन, ऑटो कीस्टोन, डिजिटल झूम सगळं बंद किंवा शून्य. प्रोजेक्शन 'सीलिंग, फ्रंट'. पडद्याच्या मध्यावरून ओळंबा सोडून ती रेषा छतावर न्या आणि लेन्स त्या रेषेवर आणा. प्रोजेक्टरचा मध्य नाही, लेन्स बऱ्याच मॉडेलांत एका बाजूला असते. मग लेव्हल ठेवून दोन्ही दिशांनी समतल करा. आता टेस्ट पॅटर्न लावून टेपने चारी कडा मोजा. डावी कड उजवीपेक्षा उंच असेल तर प्रोजेक्टर डावीकडे बघतोय, उजवीकडे किंचित वळवा. वरची कड लांब असेल तर तो वर बघतोय. कड जिथे लांब, तिथे उजेडाला जास्त अंतर कापावं लागतंय, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे.

फोकस वीस-तीस मिनिटं चालू राहिल्यावर पक्का करा. थंड लेन्सवर केलेला फोकस गरम झाल्यावर सरकतो.

आवाज ओठांच्या पुढे धावत असेल तर ॲम्प्लिफायरमध्ये विलंब वाढवा. ब्लूटूथ स्पीकरवर उलटं होतं, आवाज मागे राहतो, आणि त्यावर सहसा इलाज नसतो. स्पीकर तारेनेच जोडा.

तीनपिनी

प्रश्न ३ आणि ४.

लॅम्प म्हणजे प्रचंड दाबाखालची पाऱ्याच्या वाफेची नळी. बंद केल्यावर पंखा एक-दोन मिनिटं चालतो तो तिला थंड करायला. मध्येच वीज गेली तर काच सावकाश, आतल्या आत थंड होते. एकदा झाल्याने फुटेलच असं नाही, पण वारंवार झालं तर आयुष्य घटतं. म्हणून भिंतीवरचा स्विच कधीच आधी बंद करायचा नाही. रिमोटवर पॉवर दोनदा, पंखा थांबेपर्यंत वाट, मग स्विच.

जुना इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह असेल तर त्यावर प्रोजेक्टर लावू नका. साइन वेव्ह असेल तर चालेल. नाहीतर ६०० व्हीएचा यूपीएस घ्या, तो बहुधा ३६० वॅट देतो. तुमच्या लेबलवरचे वॅट त्याच्या आत आहेत ना बघा आणि ॲम्प्लिफायर त्यावर जोडू नका. यूपीएस सिनेमा संपवण्यासाठी नसतो. वीज गेली की लगेच प्रोजेक्टर बंद करून तो थंड होऊ द्यायचा, एवढंच काम. छतापाशी वेगळा तीन पिनी सॉकेट काढा आणि अर्थिंग तपासून घ्या. एक्स्टेंशन बोर्ड फॉल्स सीलिंगच्या आत कोंबू नका.

लॅम्प बदलताना निदान तासभर थंड होऊ द्या आणि काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल तापून तिथेच काच तडकते. कधी "फट्" आवाज होऊन चित्र गेलं, तर खिडक्या उघडा, सगळ्यांना खोलीबाहेर काढा, कारण आतून पाऱ्याची वाफ आलेली असते. टांगलेल्या अवस्थेत झाकण उघडू नका, काचा डोळ्यांत पडतील. जुना लॅम्प कचऱ्याच्या डब्यात नाही, ई-कचऱ्यात.

मुलीबद्दल: लेन्स २२१ सेमीवर आहे, ही चांगली गोष्ट. टीपॉयवर ठेवला असता तर ती तिच्या डोळ्यांसमोर आली असती. तरी उंच स्टूल आणि सोफ्याची पाठ मोजून बघा. पडद्यापुढे सावल्या करत नाचणाऱ्या मुलांना एक नियम लावा, पडद्याकडे तोंड आणि प्रोजेक्टरकडे पाठ. लेबलवर 'रिस्क ग्रुप २' असेल तर अर्थ हाच: उजेडाकडे टक लावून बघायचं नाही. लेझरवाल्यांनाही हेच लागू. लेन्स साफ करताना प्रोजेक्टर बंद हवा.

शेवाळ

पावसाळ्याचं कुणी लिहिलं नाही. जून ते सप्टेंबर आठवड्यातून एकदा तरी अर्धा-पाऊण तास चालवा, आतली ओल उडते. न वापरता ठेवला तर लेन्सच्या आतल्या काचेवर बुरशी धरते आणि ती पुसता येत नाही. गरम असताना प्लास्टिकचं झाकण घालू नका. पहिल्या पावसानंतर पंखवाली वाळवी उजेडाकडे येते आणि व्हेंटमधून आत जाते, त्या संध्याकाळी बाल्कनीचं दार लावा. व्हेंटवर जाळी किंवा कापड मात्र लावू नका, हवा अडते.

लेन्सवर आधी फुग्याने हवा मारा, मग मायक्रोफायबर. काच पुसायचा निळा स्प्रे नको, लेन्सवरचा थर जातो.