तेल हैमाच्या परिसरात, पण गावाच्या हाती काय?

धरमपेठकर:
माझा धाकटा भाऊ ओमानमध्ये एका कंत्राटदाराकडे इलेक्ट्रिशियन म्हणून रुजू झाला असून त्याचे काम मस्कत-सलाला रस्त्यावरील हैमा या वाळवंटी गावाच्या परिसरात आहे. आपल्याकडे कोळसा खाणीत शेत गेले की मोबदला आणि घरटी नोकरी यांचा हिशेब मांडला जातो. तेथील मूळ रहिवाशांना तेलातून नेमके काय मिळते?

महालचे काका:
त्या भागात मी काही वर्षे काढली आहेत. मोबदल्याचा प्रश्न तेथे तसा उद्भवतच नाही, कारण भूगर्भातील तेल राज्याचे असते आणि तेथील मूळच्या हरासीस टोळीच्या चराऊ माळाचा सातबारा कोणाच्याच नावे नव्हता. त्या खडकाळ पठारावर बारमाही पाणीही नव्हते. माणसे उंटाच्या आणि शेळीच्या दुधावर तहान भागवीत. १९५० च्या दशकाच्या अखेरीस तेल शोधणाऱ्या कंपनीने हैमा आणि अल-अजैझ येथे बोअर मारल्या, आणि पुढे हैमाच्या पाण्याभोवतीच गाव वसले. म्हणजे त्यांना आधी लाभले ते पाणी. ओमानचे तेल परदेशी जाऊ लागले ते १९६७ साली. मी पाहिलेला रोजचा देखावा सांगतो: पिकअपच्या हौद्यात पाण्याची टाकी, मागे लोंबणारा रबरी पाइप, आणि गाडीचा आवाज ओळखून धावत येणाऱ्या शेळ्या. टोळीतल्या नोकरदाराचा पगार बहुधा त्या गाडीच्या डिझेलवर आणि चाऱ्यावरच खर्च होई.

भूगोलवाला:
काकांच्या म्हणण्यात एक भर घालतो. तेथील मुख्य तेल कंपनीत सरकारचा वाटा ६० टक्के आहे, त्यामुळे पैसा आधी मस्कतला जातो आणि शाळा, दवाखाना, सरकारी नोकरी या वाटेने गावाकडे परततो. तेलाव्यतिरिक्त रोजगार होता तो ओरिक्स या हरणासारख्या वाळवंटी प्राण्याच्या राखणीचा. रानातले शेवटचे अरबी ओरिक्स १९७२ मध्ये शिकाऱ्यांनी संपवले. १९८२ मध्ये बंदिवासात वाढवलेला कळप याच पठारावर सोडण्यात आला आणि राखणदार म्हणून हरासीसच नेमले गेले. १९९४ मध्ये तेथील ओरिक्सचे अभयारण्य जागतिक वारशाच्या यादीत आले. पुढे चोरटी शिकार बोकाळली, त्यातच तेलाच्या शोधासाठी सरकारने त्याचे क्षेत्र ९० टक्क्यांनी घटवले, आणि २००७ मध्ये ते यादीतून वगळले गेले. अशी नामुष्की ओढवलेले ते जगातील पहिलेच स्थळ!

धरमपेठकर:
आभारी आहे. भाऊ म्हणतो की छावणीत पाणी पोचवणारा टँकर आजही एका हरासीस कुटुंबाचाच आहे, आणि चालक मात्र केरळचा.