लॅटिन ‘रॅडिक्स’पासून आलेले इंग्रजी शब्द : रॅडिकल, रॅडिश आणि रेडियस एकाच कुळातले आहेत का?

भाषांतरकार_सातारा (प्रश्न)

मी विज्ञान आणि राज्यशास्त्र या विषयांवरील इंग्रजी लेखांचे मराठी भाषांतर करते. ‘रॅडिकल’ हा शब्द मला रसायनशास्त्रात ‘मूलक’, राजकारणात कधी ‘मूलगामी’ तर कधी ‘जहाल’, आणि बीजगणितात ‘करणी चिन्ह’ असा निरनिराळ्या रूपांत भेटतो. कोशात त्याचे मूळ लॅटिन ‘रॅडिक्स’, म्हणजे झाडाचे मूळ, असे दिले आहे. माझे दोन प्रश्न आहेत. हे सगळे अर्थ एकाच शब्दातून कसे निघाले? आणि रेडियस, रेडियम, रेडिओ हे शब्दही याच कुळातले मानावेत का?

व्युत्पत्तीप्रेमी

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. रेडियस, रेडियम, रेडिओ आणि रेडिएशन हे शब्द ‘राडिउस’ या निराळ्या लॅटिन शब्दापासून आले असून त्याचा अर्थ चाकाचा आरा किंवा प्रकाशाचा किरण असा होता. ओळखण्याची सोपी खूण अशी की ‘रॅडिक्स’ची विभक्तिरूपे ‘रादिक-’ या अंगापासून बनतात, त्यामुळे त्याच्या बहुतेक वंशजांत ‘सी’ हे अक्षर टिकून राहते : रॅडिकल, रॅडिकल, इरॅडिकेट. (पहिले दोन शब्द उच्चाराने सारखे वाटले तरी दुसऱ्याच्या अखेरीस ‘एल-ई’ आहे; तो बियांतील आदिमुळासाठी वापरतात.) लॅटिनमध्ये मुळाच्या शब्दातील पहिला स्वर दीर्घ होता आणि किरणाच्या शब्दातील ऱ्हस्व, इंग्रजीने नेमके उलटे केले, त्यामुळे उच्चारावर विसंबून निर्णय घेणाऱ्याची फसगत होते.

आता ‘रॅडिकल’विषयी. उत्तरकालीन लॅटिनमधील ‘रादिकालिस’ म्हणजे ‘मुळाशी संबंधित’. मध्ययुगीन वैद्यक शरीरात जन्मतः असलेल्या आणि आयुष्य टिकवून धरणाऱ्या ओलाव्याला हे विशेषण लावीत असे, आणि इंग्रजीत हा शब्द प्रथम त्याच वळणाने वापरला गेला. राजकारणात तो आला अठराव्या शतकाच्या अखेरीस, जेव्हा संसदेच्या आणि मताधिकाराच्या मुळापासून सुधारणेची मागणी होऊ लागली. ब्रिटिश राजकारणी चार्ल्स जेम्स फॉक्स यांनी १७९७ मध्ये अशाच ‘रॅडिकल रिफॉर्म’चा पुरस्कार केला. पुढे ती मागणी करणाऱ्या माणसालाच रॅडिकल म्हणू लागले, आणि ‘टोकाचा’ ही छटा त्यानंतर चिकटली.

म्हणून एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश रॅडिकलांना ‘जहाल’ म्हणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जहाल आणि मवाळ ही जोडी आपल्याकडे काँग्रेसच्या सुरतेतील १९०७ च्या फुटीशी बांधली गेली आहे आणि तिथे मूळ इंग्रजी शब्द ‘एक्स्ट्रीमिस्ट’ होता. १८८९ च्या मुंबई काँग्रेसला आलेले चार्ल्स ब्रॅडलॉ हे रॅडिकल खासदार होते. त्यांना जहाल म्हटले तर वाचक त्यांना थेट टिळकांच्या गटात नेऊन बसवील.

गणित_शिक्षक

गणितातील वाट लॅटिनमधून सरळ आलेली नाही. नवव्या शतकात अल-ख्वारिझ्मीने बीजगणितात अज्ञात राशीला ‘झाडाचे मूळ’ या अर्थाचा अरबी शब्द योजला, आणि बाराव्या शतकातील भाषांतरकारांनी त्याचे लॅटिन ‘रॅडिक्स’ केले. आर्यभटीयात मात्र इ. स. ४९९ मध्येच ‘वर्गमूल’ हा शब्द सापडतो, म्हणजे आपले वर्गमूळ हे इंग्रजीवरून बेतलेले नाही. वर्गमुळाचे चिन्ह १५२५ मध्ये क्रिस्टोफ रुडोल्फच्या जर्मन ग्रंथात छापले गेले. ते ‘आर’ या अक्षराचे बदललेले रूप असावे, असे गणिती ऑयलरला वाटे, पण सर्वच इतिहासकारांना ते मान्य नाही. गंमत अशी की या चिन्हाच्या नावात मराठीने ‘मूळ’ न घेता ‘करणी’ घेतले. हा शुल्बसूत्रांतील (यज्ञवेदीच्या भूमितीवरील प्राचीन ग्रंथांतील), चौरसाच्या बाजूसाठी वापरला जाणारा शब्द आहे, आणि म्हणून आपली नववीची मुले ‘करणीस्थ संख्या’ शिकतात.

भाषांतरकार_सातारा

दोघांचेही आभार. रॅडिश आणि इरॅडिकेट यांबद्दलही कोणी लिहिले तर बरे होईल, कारण सध्या माझ्या हाती सार्वजनिक आरोग्यावरील मजकूर आहे.

परसबाग

रॅडिश म्हणजे निव्वळ ‘मूळ’. हा शब्द जुन्या इंग्रजीतच लॅटिनमधून आला होता आणि नंतर फ्रेंचच्या प्रभावाने त्याला आजचे रूप मिळाले. संस्कृत ‘मूल’पासून ‘मूलक’ आणि त्यापासून आपला मुळा, हा प्रवास कोणाकडून उसना न घेता अगदी तसाच झाला आहे. सॅलडमधला इटालियन रादिक्किओ याच घरचा. आल्याच्या तुकड्याला इंग्रजीत पूर्वी ‘रेस’ म्हणत, तोही जुन्या फ्रेंचमार्गे इथलाच. आले हे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मूळ नसून जमिनीखालचे खोड आहे, ही गोष्ट वेगळी. फ्रेंचमधून आलेल्या ‘डिरॅसिनेट’चा अर्थ मुळासकट उपटणे, आणि त्यावरून माणसाला त्याच्या समाजापासून तोडणे.

इरॅडिकेटमधील पहिला उपसर्ग ‘बाहेर’ या अर्थाचा आहे, म्हणजे शब्दशः ‘उन्मूलन’. आरोग्याच्या मजकुरात मात्र काळजी घ्यावी. ‘इरॅडिकेशन’ म्हणजे जगातून रोगाचा कायमचा नायनाट. माणसांच्या रोगांपैकी हे फक्त देवीच्या बाबतीत साधले असून ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य परिषदेने तसे जाहीर केले. ‘एलिमिनेशन’ म्हणजे ठरावीक प्रदेशापुरते रोगाला हद्दपार करणे किंवा ठरलेल्या मर्यादेखाली आणणे. हत्तीरोग आणि क्षयरोग यांच्या सरकारी कार्यक्रमांत त्यासाठी ‘दुरीकरण’ हा शब्द रूढ झाला आहे, पण कुष्ठरोगाच्या कार्यक्रमाला सर्रास ‘निर्मूलन’ म्हटले जाते. कार्यक्रमाचे अधिकृत नाव असेल तर ते जसेच्या तसे ठेवावे; स्वतःच्या वाक्यात मात्र ‘निर्मूलन’ हा शब्द देवीसारख्या उदाहरणांसाठी राखून ठेवावा.