दोऱ्या कमरेला बांधू नका

भाऊ, पहिलाच पॉवर काइट (माणसाला ओढणारा मोठा कापडी पतंग) आहे, चार दोऱ्यांचा, आणि हातातून सुटू नये म्हणून हँडल कमरेला बांधू का, असं विचारलंत. कृपा करून बांधू नका. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते. त्या क्षणी हँडल सोडता आलंच पाहिजे. मनगटाला काइट किलरचे पट्टे लावा, म्हणजे ब्रेकच्या दोऱ्यांना (पतंगाच्या मागच्या कडेच्या दोन दोऱ्यांना) जोडलेले पट्टे. हँडल सोडलं की त्या दोऱ्या ताणल्या जातात, कापडातला जोर जातो आणि पतंग खाली येतो.

उडवायला कापूस निघालेलं वावर नको, पऱ्हाटीच्या खुंटांवर पडलात तर पोटरी फाटेल. मोकळं गायरान बरं, पण कृषिपंपाची लाइन जवळपास नको. वारा ताशी १२ ते २० किलोमीटर असला की पुरे. उन्हाळ्यात सकाळीच उडवा, दुपारी वावटळ उठते.

वारा पाठीवर घ्या. पतंग समोर, खालच्या बाजूला असताना सर्वात जास्त ओढतो. डोक्यावर किंवा कडेला नेला की ओढ कमी होते. आधी तो कडेला नेऊन थांबवायला शिका, उड्या नंतर. आणि ताणलेल्या दोरीला बोट लावू नका, कातडी चिरते.