मदत हवी आहे: अतींद्रिय शक्ती असलेल्या मुलांच्या कादंबऱ्या सुचवा

माझी भाची नववीत आहे. केली आर्मस्ट्राँगची 'द समनिंग' (२००८) आणि पुढचे दोन्ही भाग तिने झपाटल्यासारखे वाचून काढलेत. त्यात पंधरा वर्षांच्या क्लोईला भुतं दिसतात आणि मोठी माणसं तिला आजारी ठरवून लाइल हाउस या मानसिक त्रास असलेल्या मुलांच्या निवासात ठेवतात. भुतांपेक्षा 'आपलं म्हणणं कुणी खरं मानत नाही' ही क्लोईची घुसमट भाचीला जास्त भिडली. तसंच काही हवंय. स्टीफन किंगची 'कॅरी' नको, या वयाला ती फार रक्तरंजित. धारप, मतकरी घरात आहेत, पण तिला नायिका स्वतःच्या वयाची हवी. मन वाचणारी, पुढचं दिसणारी मुलं असलेली मराठी कादंबरी कुणाला माहीत आहे का? अनुवादही चालेल. पुण्यात कुठे मिळेल तेही कृपया सांगा.