रात्रीच निम्मं काम उरकलं तर

शाळेच्या दिवशी नाश्त्याला म्हणून रात्री भिजवलेल्या ओट्सचा सकाळी लगदा होतो आणि मुलं तोंड फिरवतात, असं कुणीतरी लिहिलंय. आमच्याकडेही हेच व्हायचं. चूक बहुतेक ओट्सच्या प्रकारात असते. झटपट शिजणारे बारीक ओट्स रात्रभरात अगदी विरघळल्यासारखे होतात, त्यामुळे जाड, चपटे घ्या. १ वाटी ओट्सला १ वाटी दूध आणि अर्धी वाटी दही पुरतं. फळं मात्र सकाळीच घाला, नाहीतर पाणी सुटतं. केळं तर काळंच पडतं.

पण नुसत्या गोडावर आमची मंडळी मधल्या सुट्टीपर्यंत तग धरत नाहीत. म्हणून रविवारी अंड्यांचे मफिन करते: ६ अंडी, बारीक चिरलेल्या भाज्या, थोडं चीज, ओव्हनमध्ये १८० अंश सेल्सिअसवर साधारण २० मिनिटं. भाज्या आधी परतून घ्या. कच्च्या घातल्या तर सगळं पचपचीत होतं (पहिला घाणा मी एकटीनेच संपवला). गार करून, ओव्हनमधून काढल्यापासून २ तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा, ३-४ दिवस टिकतात. जास्तीचे ताटलीत सुटे गोठवून मग पिशवीत भरा, एकदम भरले तर दगड होतो. रात्री लागतील तेवढेच फ्रीजमध्ये काढायचे आणि सकाळी आतपर्यंत कडकडीत गरम करायचे.

उकडलेली अंडी सालासकट फ्रीजमध्ये आठवडाभर राहतात.

अंडी न खाणाऱ्यांसाठी असं गोठवून ठेवण्याजोगं तिखटमिठाचं काही कुणी करतं का?